पाच हबचा लपण-तंबू: सोलापूरच्या माळावर कितपत चालतो?

अमेरिकेत सोयाबीनच्या किंवा गवताच्या शेताकडेला बसून ग्राउंडहॉगची (बिळात राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या जाडजूड प्राण्याची) वाट बघणारे शिकारी जो झटकन उघडणारा तंबू वापरतात, तोच आता आपल्याकडे ‘वाइल्डलाइफ हाइड’ या नावाने ऑनलाइन मिळतो. नान्नज, मार्डी, कारंबा या बाजूला पक्षी आणि काळवीट बघायला जाणाऱ्यांच्या गाडीत तो आता दिसू लागला आहे. म्हणून हे परीक्षण. कुठल्या एका कंपनीचा माल इथे डोळ्यांपुढे नाही. पिशवीवर नाव कोणतंही छापलेलं असो, पाच हबच्या, म्हणजे कांड्यांच्या पाच सांध्यांच्या, तंबूची घडण जवळपास एकच असते आणि माळावर त्याचं जे होतं तेही एकच.

निकाल आधीच सांगून टाकतो. सांगाडा उत्तम, कापड कामचलाऊ, सोबतच्या खुंट्या टाकाऊ. जागा बदलत फिरणार असाल तर जरूर घ्या. स्वतःच्या शेतात एकाच ठिकाणी बसायचं असेल तर चार बांबू आणि गोणपाट त्याच्यापेक्षा सरस ठरतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. ग्राउंडहॉग आपल्याकडे नाही आणि शिकारही आपल्याकडे नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात मारण्याबरोबरच सापळा लावणं, हाकारणं आणि आमिष टाकणंही येतं. तंबूपुढे कोंबडीचे तुकडे टाकून खोकड बोलावणारे स्वतःला फोटोग्राफर म्हणवतात, पण कायद्याच्या लेखी ते शिकारीच्या जवळ जाऊन बसतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं. त्याची जमीन सलग नाही. वनखात्याचे गवताळ तुकडे आणि लोकांची शेतं एकमेकांत मिसळलेली आहेत. आपण नेमके कुठल्या बाजूला उभे आहोत हे तंबू उघडण्यापूर्वी वनरक्षकाला विचारून घ्यावं. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय लपण लावता येत नाही, आणि माळढोकासाठी तर ते लावायचा विचारसुद्धा करू नये. खाली जे लिहिलं आहे ते खासगी शेत, बांध, पडीक माळ आणि तळ्याचा काठ यांच्यासाठी, मालकाला विचारून.

पिशवीत काय निघतं? चार भिंती आणि छत मिळून पाच हब, म्हणजे फायबरग्लासच्या चार-चार कांड्या जिथे एकत्र येतात ते गोल तुकडे. प्रत्येक हबला बाहेरून ओढायचा पट्टा. तळाचा चौरस साधारण 5 फूट बाय 5 फूट, मध्यावर उंची साडेपाच फुटांच्या आसपास, वजन 6 ते 8 किलो. आतून काळा लेप दिलेलं पॉलिएस्टर, तीन किंवा चार बाजूंना खिडक्या, त्यांना जाळी. चार ताणदोऱ्या आणि तारेच्या आठ-दहा बारीक खुंट्या. तळ बहुतेकांना नसतो.

‘दोन माणसांचा’ असं लिहिलेलं असतं ते दोन माणसं आणि दोन बंदुकी धरून. कॅमेऱ्याची तिपाई उभी केली की तिचे तीन पाय तीन कोपरे खातात. तिपाईसकट एक माणूस सुखाने मावतो, दुसरा मावत नाही. दोघांना बसायचंच असेल तर तिपाई घरी ठेवून भिंतीपुढे आडवी फळी लावा आणि तिच्यावर ज्वारीने भरलेली दोन किलोची कापडी पिशवी ठेवा. लेन्स त्या पिशवीवर छान बसते, हलवताना आवाजही होत नाही. घरी आल्यावर पिशवी रिकामी करा, नाहीतर मुंग्या आणि उंदीर तिचा ताबा घेतात.

उभारणी सोपी आहे, पण कांड्या मोडतात त्या इथेच. तंबू पिशवीतून काढून चारही कोपरे जमिनीवर मोकळे करा. वारा असेल तर वाऱ्याकडचे दोन कोपरे आधी ठोकून घ्या आणि मगच पुढे जा. पहिल्या भिंतीचा पट्टा दोन्ही हातांनी धरून सरळ स्वतःकडे, एका दमात ओढा. ‘टप्प’ असा आवाज आला की हब बाहेर पडला. अर्धवट ओढून, तिरका करून, पुन्हा सोडला की कांडी हबच्या तोंडाशी पिळली जाते आणि तिथेच उभी चिरते. शेजारची भिंत, मग समोरची, मग चौथी. शेवटी आत जाऊन छताचा हब तळहाताने वर ढकला. मिटवताना बरोब्बर उलटं: छत आधी खाली, मग एकेक भिंत आत. घाईत भिंती आधी दाबायला गेलात तर ताणलेलं छत सगळा जोर कांड्यांवर टाकतं. हबच्या खोबणीत मुरमाचा एखादा खडा अडकला असेल तर कांडी पूर्ण वळत नाही, म्हणून उघडण्यापूर्वी पाचही हब जुन्या टूथब्रशने झाडून घ्या. मिनिटभराचं काम आहे.

आता खुंट्या. तारेच्या या खुंट्या अमेरिकेतल्या मऊ कुरणांसाठी ठीक असतील. आपल्या माळावर वर बोटभर माती आणि खाली मुरूम. खुंटी दोन इंच जाते आणि वाकते. काळ्या रानात उलटी अडचण: ओल असताना लोण्यात घातल्यासारखी आत जाते आणि तशीच बाहेर येते, उन्हाळ्यात भेगा पडल्या की खुंटी भेगेत सैल हिंदकळत राहते. दोन्हींवर उपाय एकच, फॅब्रिकेशनच्या दुकानातून 10 मिमी सळईचे तुकडे कापून आणायचे. मुरमासाठी 30 सेंमी, काळ्या जमिनीसाठी 45 सेंमी, प्रत्येकी आठ. एक टोक ग्राइंडरवर टोकदार, दुसऱ्या टोकाला वॉशर वेल्ड केलेला, म्हणजे दोरी वर सरकत नाही. 30 सेंमीच्या आठ खुंट्यांचं वजन दीड किलोच्या आसपास होतं, 45 सेंमीच्या आठांचं सव्वादोन. ओझं वाढतं हे खरं, पण त्यात काटकसर करू नये. खुंटी तंबूपासून दूर झुकलेली, जमिनीशी साधारण 45 अंशांत ठोका. खडकच लागला तर खताच्या रिकाम्या पोत्यात 20-25 किलो माती भरून चारही कोपऱ्यांवर आतल्या बाजूने ठेवा. बाहेर ठेवू नका, त्या पोत्याचा पांढरा रंग अर्ध्या किलोमीटरवरून डोळ्यात भरतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर वावटळीसाठी. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी माळावर वावटळी उठतात. रिकामा तंबू म्हणजे चार भिंतींचं शीडच. तळाला जागा मोकळी असेल तर वावटळ खालून आत शिरते आणि तंबू उचलते. भिंतींच्या तळाला जी झालर असते ती बाहेर पसरून तिच्यावर माती ओढावी. मातीने झालर दाबली की वारा आत येत नाही, आतला वास बाहेर जात नाही, आणि विंचू-सापांची वाटही बरीच बंद होते.

ताणदोऱ्या बदलाव्यात असं आमचं ठाम मत आहे. सोबत येणाऱ्या दोरीत बऱ्याचदा चमकता धागा विणलेला असतो. रात्री अडखळून पडू नये म्हणून तो घालतात, पण कोवळं ऊन पडलं की तोच लकाकतो. 4 मिमीची मळकट रंगाची पॉलिएस्टर दोरी घ्या. नायलॉन नको, ते ओलीत ताणतं. दोरी हबपासून दीड मीटर बाहेर न्या. वाऱ्यात ताणलेली दोरी गुणगुणते. मध्यावर चिंधीची एक गाठ मारली की आवाज थांबतो.

कापडाबद्दल मात्र चांगलं बोलता येत नाही. त्याच्यावर छापलेली हिरवी पानं, ओक-मेपलची झाडोऱ्याची नक्षी, हे तिकडच्या जंगलाला धरून आहे. ऑक्टोबर संपला की आपला माळ गव्हाळ होतो: कुसळी, पवन्या, मारवेल सगळं वाळलेलं, मध्ये तरवड आणि एखादी बोर. त्यात हिरवा चौकोन म्हणजे गावजत्रेतला पाळणा. दुकानात पर्याय असेल तर वाळल्या गवताचा किंवा नुसत्या मातकट रंगाचा घ्या. नसेल तर जिथे बसायचं त्याच जागची माती चाळून पातळ काला करा आणि जाड ब्रशने ठिपक्याठिपक्यांनी लावा. वाळू द्या, झटका, पुन्हा लावा. दोन हातांत चकाकी मरते. पहिल्या मोठ्या पावसात तो निघून जाईल, पण आपला हंगाम कोरडाच असतो.

तंबू धुवायची वेळ आली तर साध्या पाण्याने धुवा. ‘जास्त शुभ्रता’ देणाऱ्या पावडरींत उजळपणा आणणारी द्रव्यं असतात; ती कापडात राहिली की अतिनील प्रकाशात कापड चमकतं. बऱ्याच पक्ष्यांना तो प्रकाश दिसतो. आपल्याला मळका दिसणारा तंबू त्यांना उजळ दिसू शकतो.

नव्या लेपाचा वासही उग्र असतो. आठवडाभर सावलीत, उघडा करून टांगून ठेवा. उन्हात ठेवलात तर वास लवकर जातो, पण लेप कडक होऊन घडीवर तडकतो.

चेनचं काय? काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि चेनच्या दातांत जाऊन बसते. तेल अजिबात लावू नका, तेलावर धूळ आणखी चिकटते. मेणबत्ती दोन्ही बाजूंनी घासा. खिडक्यांना वेल्क्रो असेल तर तो उसवून काढाच. पहाटेच्या शांततेत त्याची ‘खर्र’ ऐकून तित्तराचा सगळा थवा उठतो. त्या जागी सुती नाडीचा फास आणि लाकडी गुंडी. दप्तरं-बॅगा दुरुस्त करणारा कोणीही अर्ध्या तासात करून देतो.

त्याच कारागिराकडून आणखी एक काम करून घ्या, आणि आमच्या मते हा सगळ्यांत मोलाचा बदल आहे. या तंबूच्या खिडक्या खुर्चीवर बसलेल्या शिकाऱ्यासाठी बेतलेल्या, म्हणजे जमिनीपासून 90 ते 105 सेंमीवर. ग्राउंडहॉगसाठी बसलेला रायफलवाला शंभर-दोनशे यार्डांवर नेम धरतो, त्याला ही उंची सोयीची. धाविक, चंडोल, टिटवी यांचे फोटो त्या उंचीवरून घेतले तर पक्षी पायाखाली पडल्यासारखे दिसतात. जमिनीपासून 35 सेंमीवर खालची कड येईल अशी 25 सेंमी उंच, 40 सेंमी रुंद खिडकी नव्याने पाडा. तंबू उभा असताना खडूने आखून घ्या, कारण कांडी कुठून जाते ते घडी घातल्यावर कळत नाही आणि कांडीच्या खिशाला कात्री लागली तर भिंत गेली. कापायच्या आधी चौकटीवर दुहेरी शिलाई, मग कापणं, मग आतून गडद जाळी आणि वरून खाली पडणारा पडदा. या खिडकीमागे खुर्चीवर बसता येत नाही. लाकडी पाट घ्या, आणि पाटाखाली व सगळ्या जमिनीवर जुनी सोलापुरी चादर अंथरा. जाड सुती विणीवर पाय सरकला तरी आवाज येत नाही, खडे टोचत नाहीत. प्लास्टिकचं स्टूल करकरतं आणि काळ्या मातीत त्याचे पाय रुततात.

एका वेळी एकाच बाजूची खिडकी उघडायची. समोरासमोरच्या दोन उघडल्या की मागच्या उजेडावर तुमची सावली उठून दिसते आणि काळ्या लेपाचा काही उपयोग राहत नाही. आत काळे किंवा गडद कपडे घाला. पानापानांचा जर्किन आत उलट उजळ दिसतो. पांढरी टोपी, चकचकीत घड्याळ काढून ठेवा. चेहऱ्यावर आणि हातांवर गडद कापड हवं, कारण खिडकीतून बाहेर दिसतात ते नेमके हात.

जागा निवडताना तीन गोष्टी एकदम बघाव्या लागतात: सूर्य, वारा आणि जनावराची वाट. सकाळच्या बैठकीला पाठ पूर्वेला. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात पावणेसहा-सहाला. त्याआधी पाऊण तास आत बसलेलं असावं. वाऱ्यासाठी रुईची म्हातारी खिशात ठेवा. फेब्रुवारीनंतर बांधावरच्या रुईची बोंडं उकलतात, ती रेशमी म्हातारी चिमटीतून सोडली की अगदी मंद झुळूकसुद्धा दाखवते. पक्ष्यांसाठी वाऱ्याची फिकीर कमी, पण खोकड, लांडगा, काळवीट, ससा यांच्यासाठी वारा त्यांच्याकडून तुमच्याकडे यायला हवा. हिवाळ्यात सकाळची झुळूक बहुधा पूर्व-ईशान्येची असते. इथे गोम येते: ऊन पाठीशी घेतलं की वाराही पाठीशी येतो आणि तुमचा वास थेट समोर. अशा वेळी सूर्य थोडा सोडा. तंबू उत्तर-दक्षिण रेषेवर ठेवून बाजूचं ऊन घ्या. बाजूच्या उन्हात केसांचा पोत छान येतो, आणि जनावर थांबतं.

अंतर किती? तळ्याकाठच्या छोट्या पक्ष्यांसाठी 10 ते 12 मीटर, पखुर्डी या माळावरच्या पक्ष्यासाठी 20-25, काळविटाच्या वाटेसाठी 40 च्या पुढे. 400 किंवा 600 मिमीची लेन्स असेल तर यापेक्षा जवळ जाण्याचं काही कारण उरत नाही.

खोकडाचं बीळ हा वेगळा विषय आहे, आणि ग्राउंडहॉगशी साम्य इथेच आहे. त्याच्याही बिळाला एक मोठं तोंड, त्याच्यापुढे उकरलेल्या मातीचा ढीग, आणि पळून जायला आणखी तोंडं असतात. खोकड बीळ काढतं ते बांधावर, ओढ्याच्या चढावर, जिथे पावसाचं पाणी शिरत नाही. बीळ चालू आहे की ओसाड, हे दुर्बिणीतून लांबूनच ओळखता येतं. तोंडाशी माती ताजी आणि मोकळी, जाण्यायेण्याने कडा गुळगुळीत झालेल्या, आसपास लेंडी आणि हाडांचे तुकडे असतील तर वस्ती आहे. तोंडावर कोळ्याचं जाळं धुळीसकट ताणलेलं असेल, कडेला कुसळीचं पातं वाळून आत झुकलेलं असेल, तर तिथून बऱ्याच दिवसांत कोणी गेलेलं नाही. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लांचे दिवस. त्या काळात बिळाजवळ लपण लावू नये, 50 मीटरवरही नाही. मादीला संशय आला तर ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि माळावर भटक्या कुत्र्यांची टोळी फिरत असते. इतर महिन्यांत बिळावर न बसता बिळापासून शे-दीडशे मीटरवरच्या वाटेवर, बांधाच्या वळणाला बसा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आणि पहाटे ते तिथूनच जातं. जो शेतकरी उंदरांनी हैराण आहे त्यालाही ते सांगा: खोकड रात्रीत उंदीर खातं, बीळ बुजवू नका.

तंबू लावला आणि लगेच आत बसला, ही सर्रास होणारी चूक. माळावर काल नव्हती अशी चौकोनी वस्तू आज दिसली की काळवीट दोन दिवस लांबून वळसा घालतं. तंबू तीन ते पाच दिवस आधी उभा हवा. पण माळावर तो पाच दिवस सोडला तर चोरीला जाण्याची किंवा शेरडांनी तुडवण्याची शक्यता मोठी. म्हणून आधी त्याच मापाचा डमी उभा करा: सहा फुटांचे चार बांबू आणि भोवती जुनं गोणपाट गुंडाळलेलं. सहा-सात मीटर लागतं. बसायच्या आदल्या संध्याकाळी तो काढून तिथेच तंबू उभारा. शेतमालकाला आणि गावच्या पोलीस पाटलाला सांगून ठेवलं तर रात्री बॅटरी बघून कोणी घाबरत नाही.

आणि खरं सांगायचं तर या डमीतच पुष्कळदा काम भागतं. गोणपाट चकाकत नाही, वाऱ्यात फडफडत नाही, त्यातून हवा खेळते, रंग मुळातच आपल्या मातीचा. उणं एवढंच की पावसात ते भिजून जड होतं आणि रोज जागा बदलता येत नाही. शेत तुमचं, पाणवठा तुमचा, बसायची जागा ठरलेली, तर तंबूचे पैसे वाचवा.

ज्वारी काढल्यावर, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, तंबूला कडब्याचं रूप देणं हा सगळ्यांत नैसर्गिक आडोसा. रानोरान गंजी उभ्या असतात, पाखरांना आणि जनावरांना त्यांचं नवल नसतं. मालदांडीचा कडबा माणसापेक्षा उंच, पेंडीची रुंदी वीतभरापेक्षा थोडी जास्त. पाच फुटांच्या एका भिंतीला सहा पेंड्या लागतात, तीन भिंतींना अठरा. पण पेंड्या कापडावर टेकवू नका. ओझ्याने हब आत ढकलला जातो आणि अख्खी भिंत ‘टप्प’ करून तुमच्या अंगावर येते, तीही नेमकी पक्षी समोर असताना. भिंतीपासून वीतभर बाहेर चार कोपऱ्यांना चार बांबू रोवा, कंबरेच्या उंचीवर सुतळी फिरवा आणि पेंड्या त्या सुतळीला बांधा. चौथी, खिडकीची बाजू मोकळी. कडब्याजवळ बिडी-काडी, स्टोव्ह काही नको. आणि शेजारच्या म्हशी सुटलेल्या नाहीत ना, तेवढं बघा.

उन्हाळ्याची सूचना गंभीरपणे घ्या. काळा लेप आणि पॉलिएस्टर यांच्यात हवा खेळत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 40 च्या वर असताना आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वरच जातं. सकाळी साडेनऊला उठायचं, मग समोर काहीही असो. माणशी तीन लिटर पाणी, मानेवर ओला टॉवेल, छताच्या वर बांबूंना ताणून हातभर अंतरावर 50 टक्क्यांची शेडनेट. शेडनेट छताला चिकटली तर तिचा फायदा निम्मा जातो, मधून वारा वाहायला हवा. चक्कर, मळमळ, घाम थांबणं यांतलं काही जाणवलं तर तंबू तिथेच सोडून सावलीत या.

उन्हाळ्यातल्या पाणवठ्याचा नियमही लक्षात ठेवा. आजूबाजूला दुसरं पाणी नसेल तर दिवसभर तिथे बसणं म्हणजे तहानलेल्या जिवाचं पाणी अडवणं. पखुर्डी ऊन वर आल्यावर सकाळीच थव्याने पाण्यावर येते. तेवढं बघा आणि निघा. पाण्याकडे उतरणाऱ्या पायवाटेवर तंबू कधीच नको. वाटेला बाजूने, पाण्यापासून 20-25 मीटरवर.

हिप्परगा तलावासारख्या उघड्या काठावर तंबू लांबून उठून दिसतो, म्हणून पाठीशी बेशरमीचं बेट किंवा बांध घ्या. थंडीत पट्टकादंब उतरतात ते मोकळ्या काठावर; तिथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते. दोघांनी तंबूपर्यंत चालत जायचं, एक आत राहायचं, दुसऱ्याने सावकाश, दिसेल असं परत जायचं. माणूस गेला असं समजून पक्षी निवांत होतात. हरणांपुढे ही युक्ती चालत नाही.

आत जाताना पहिला पाय टाकण्याआधी बॅटरीने कोपरे, झालर आणि चादरीची खालची बाजू बघायची. उभ्या सोडलेल्या तंबूत फुरसं, घोणस सावलीसाठी येऊन बसतात. बंद बूट हवेतच. खाण्याचं साधं ठेवा. कडक भाकरी मोडताना होणारा आवाज पन्नास पावलांवर जातो आणि शेंगा चटणीतला लसूण वाऱ्यावर त्याहून लांब, त्यामुळे दोन्ही गाडीत ठेवून केळी आणि भिजवलेले शेंगदाणे आत न्या.

कांडी मोडली तर माळावरचा तात्पुरता इलाज: वीतभर लांबीच्या बांबूच्या दोन चिपा दोन्ही बाजूंनी लावून वरून घट्ट चिकटपट्टी. हातमोजे किंवा फडकं वापरा, फायबरग्लासची कुसं कातडीत गेली की दिवसेंदिवस सलतात. नवी कांडी आणायला जाताना जुनी सोबत न्या. लांबी आणि बाहेरचा व्यास दोन्ही जुळले नाहीत तर एक भिंत कायम तिरकी राहते. विकत घेतानाच दोन जादा कांड्या आणि एक जादा हब मिळतो का ते विचारा. सुटे भाग न देणाऱ्याकडून घेऊच नये, मग तो कितीही स्वस्त देवो. पाकीट आलं की घरच्या अंगणात तीनदा उघडून मिटवा, तिसऱ्यांदा अंधारात. हबचे पट्टे शिवलेले आहेत की नुसते चिकटवलेले ते ओढून बघा, छताच्या शिलाईवर आतून बॅटरी धरून उजेड कुठून येतो ते खडूने खुणवा आणि त्या टाक्यांवर मेण घासा. परतीची मुदत संपायच्या आत हे सगळं उरकायला हवं.

ठेवताना पूर्ण वाळवून, सैल घडी घालून, वखारीच्या आढ्याला टांगा. जमिनीवर ठेवला की उंदीर कोपरे कुरतडतात. डांबरगोळ्या मात्र घालू नका, त्यांचा वास पुढच्या हंगामापर्यंत कापडातून जात नाही.